मैत्रिणीचा शब्द

नटणे हे पाप नव्हे, ही गोष्ट आपल्या सणांनी फार पूर्वीच मान्य केलेली आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावल्याशिवाय अंगावर पाणी घ्यायचे नाही, असा दंडक ज्या समाजाने घातला, त्याला सुगंधाचे आणि उजळ कांतीचे वावडे होते असे कोण म्हणेल? नागपंचमीची मेंदी, लग्नातली हळद, चैत्रातल्या हळदीकुंकवाचे अत्तर आणि गुलाबपाणी, या सगळ्यांतून आपल्या आज्या-पणज्यांनी आरशाशी असलेले आपले नाते उजळ माथ्याने सांभाळले. म्हणून मुलींच्या दप्तरात लिपस्टिक सापडली की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसायचे नाही. वर्गात इतकी वर्षे उभी राहून मी एवढे पाहिले आहे की, ज्या मुलीला आपण नीटनेटक्या दिसतो असे वाटते, ती धडाही जरा मोठ्या आवाजात वाचते.

माझा प्रश्न निराळा आहे. तो सौंदर्याचा नसून शब्दाचा आहे. एखादी वस्तू चांगली आहे असे आपल्या ओळखीचे माणूस आपल्याला सांगते, तेव्हा त्या सांगण्यामागे कोणाचे पैसे आहेत हे कळण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही? आणि ते माणूस खरे तेच सांगत असेल, तरीही हा अधिकार शिल्लक राहतो काय? प्रश्न दिसायला लहान आहे. पण दिवाळीच्या तोंडावर ज्या घरात मोबाइलवर खरेदी चालली असेल, त्या प्रत्येक घरात तो न बोलावलेल्या पाहुण्यासारखा येऊन बसलेला आहे.

हा प्रश्न आज इतका मोठा का झाला, हे समजण्यासाठी मुंबईच्या एका दुकानाची हकीकत सांगितली पाहिजे. फाल्गुनी नायर या बाई एका मोठ्या वित्तसंस्थेत व्यवस्थापकीय संचालक होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसे निवृत्तीचे हिशेब मांडू लागतात; त्या वयात त्यांनी नोकरी सोडली आणि २०१२ साली 'नायका' नावाचे दुकान काढले. नाव संस्कृतातल्या 'नायिका' या शब्दावरून घेतलेले. दुकान कसले, तर इंटरनेटवरचे. फळी नाही, गल्ला नाही, पाटी नाही. सौंदर्यप्रसाधने आणि पुढे कपडेलत्ते यांची मागणी मोबाइलवर नोंदवायची आणि माल घरपोच घ्यायचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये या कंपनीचे शेअर १,१२५ रुपयांना विकले जाऊन बाजारात नोंदले गेले, आणि पहिल्याच दिवशी त्यांचा भाव जवळजवळ दुप्पट झाला. एका स्त्रीने स्त्रियांसाठी उभारलेल्या धंद्याचे हे यश वाचून मलाही बरे वाटले होते, आजही वाटते.

अशा दुकानांनी आमच्या दिंडोरीसारख्या गावांचे काही भलेच केले आहे. तालुक्याच्या गावात पूर्वी मुलीला साधी पावडर घ्यायची तरी फळीपलीकडे उभ्या असलेल्या, ओळखीच्या, बहुधा वडिलांच्या मित्र असलेल्या दुकानदाराकडे मागावी लागे. तो काय म्हणेल, घरी काय सांगेल, या धाकाने ती हाताला लागेल ते घेऊन परत फिरे. डब्यावरची तारीख पाहायची सोय नव्हती. आपल्या सावळ्या रंगाला शोभेल अशी छटा मागायची तर प्रश्नच नव्हता, कारण दुकानात छटा एकच असे आणि ती आपल्यापैकी कोणाच्याही चेहऱ्याची नसे. आज दिंडोरीपासून दहा-बारा मैल आत असलेल्या वाडीवरही मोटारसायकलवरून खोके येते. आणि मुलगी ते आपल्या खोलीत, आपल्या आरशासमोर उघडते. हे स्वातंत्र्य क्षुद्र नाही. ज्यांना ते कधी हवेसे वाटले नाही, त्यांनी त्याला हसू नये.

परंतु दुकानाला फळी नसली की एक अडचण उभी राहते. गिऱ्हाइकाला वस्तू हाताळता येत नाही, वास घेता येत नाही, मनगटावर लावून पाहता येत नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? या दुकानांनी त्याचे उत्तर चटकन ओळखले: माणसावर. सुरुवातीपासूनच त्यांनी मालाच्या जोडीला तो कसा वापरावा हे शिकवणारे लेख आणि चित्रफिती दिल्या. पुढे समाजमाध्यमे फोफावली. जून २०२० मध्ये 'टिकटॉक'वर आपल्या देशात बंदी आली आणि लगेच पुढच्या महिन्यात 'इन्स्टाग्राम'ने आपली 'रील' येथे आणली. खेड्यापाड्यांतल्या हजारो मुली, गृहिणी आणि विद्यार्थिनी मिनिटाभराच्या चित्रफिती करू लागल्या. ज्यांचे बोलणे पुष्कळ लोक ऐकतात, त्यांना 'इन्फ्लुएन्सर' म्हणण्याची पद्धत पडली. मराठीत 'प्रभाव टाकणारी' म्हणता येईल. पण आमच्याकडच्या बायका साधेपणाने 'ती रीलवाली ताई' म्हणतात, आणि मला तोच शब्द अधिक खरा वाटतो. कारण त्या सगळ्या व्यवहाराचे मर्म 'ताई' या शब्दात आहे.

व्यवहार असा चालतो. कंपनी ताईकडे मालाचे खोके पाठवते, कधी त्याबरोबर पैसेही देते. ताई ती वस्तू लावून दाखवते आणि तिच्या नावाचा एक संकेतशब्द सांगते. तो शब्द घालून खरेदी केली तर गिऱ्हाइकाला थोडी सूट मिळते, आणि दुकानाला नेमके कळते की हे गिऱ्हाईक कोणत्या ताईने आणले. त्या हिशेबाने पुष्कळदा तिला विक्रीवर दलाली मिळते. म्हणजे आपण जिला मैत्रीण समजून ऐकतो, तिच्या खात्यावर आपले नाव 'आणलेले गिऱ्हाईक' म्हणून जमा होते.

यात नवे काय, असे कोणी विचारील. नामांकित माणसाकडून मालाची तारीफ करवून घेण्याची रीत जुनीच आहे. १९४१ साली आपल्या मराठी नटी लीला चिटणीस 'लक्स' साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या साबणाच्या जाहिरातीत आलेल्या त्या पहिल्या भारतीय तारका होत. त्याच्याही आधी, १९१९ पासून, मुंबईत तयार होणारा 'अफगाण स्नो' घराघरांत पोहोचलेला होता. पण त्या जाहिरातीत आणि आजच्या रीलमध्ये एक मोठे अंतर आहे. मासिकाच्या पानावर साबण हाती घेतलेली लीला चिटणीस पाहताना वाचकाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असत: एक, हे जाहिरातीचे पान आहे, दोन, ही बाई आपल्यापैकी नाही, ती पडद्यावरची आहे. तिच्या शब्दाचे वजन तिच्या दूर असण्यात होते.

रीलवाल्या ताईच्या शब्दाचे वजन तिच्या जवळ असण्यात आहे. तिच्या मागे स्टीलची मांडणी दिसते, पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येते, बोलता बोलता ती पोराला दटावते. ती आपल्यासारखीच आहे, म्हणून तिचे खरे. तारकेने आपला चेहरा विकला. ताई आपले आपलेपण विकते. चेहरा हा ज्याचा त्याचा असतो. आपलेपण मात्र एकट्याचे कधीच नसते. त्यात समोरच्याचाही अर्धा वाटा असतो, आणि तो वाटा त्या समोरच्याला न विचारता विकला जातो. माझी सारी अस्वस्थता या एका ठिकाणी आहे.

माझ्याकडे शिकून गेलेली एक मुलगी आहे. तिचे नाव-गाव सांगत नाही. घरी थोडी द्राक्षबाग. एका वर्षी ऐन तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले आणि बागेवरचे कर्ज तसेच राहिले. मुलगी हुशार. केसांच्या वेण्या, खोपे, साडीच्या निऱ्या असे काहीबाही दाखवणाऱ्या तिच्या चित्रफिती आमच्या भागातल्या बायका आवडीने पाहतात, कारण ती आमच्याच बोलीत बोलते. एके दिवशी ती माझ्याकडे आली. एका कंपनीच्या मध्यस्थाने तिला चेहऱ्याला लावायचे मलम पाठवले होते आणि काय बोलायचे ते लिहूनही दिले होते. मिळणारी रक्कम तिच्या घरच्या दोन हप्त्यांएवढी होती.

"बाई, क्रीम वाईट नाही हो," ती म्हणाली, "मी चार दिवस लावलंय. चांगलंच वाटतंय."

"मग अडचण कुठे आहे?"

"लिहून दिलंय त्यात 'महिनाभर वापरतेय' असं आहे. आणि पैसे मिळालेत हे बोलायचं नाही म्हणाला तो." थोडा वेळ थांबून तीच पुढे म्हणाली, "पण चांगल्याला चांगलं म्हटलं तर त्यात खोटं काय? आणि तुम्ही कादंबऱ्या लिहिता. त्यातली माणसं कुठं खरी असतात? तुम्हाला नाही का प्रकाशक पैसे देत?"

विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात माझे आयुष्य गेले. पण हा प्रश्न मी अनेक दिवस मनात घोळवला. मुलीने मोठ्या नेमक्या जागी बोट ठेवले होते. मी कादंबरीत न घडलेले प्रसंग घडवते, न जन्मलेल्या माणसांना रडवते आणि वाचकालाही रडवते. त्याचे मानधनही घेते. मग खोटेपणा माझा मोठा, की महिन्याच्या जागी चार दिवस ठेवणारीचा?

विचार करता करता मला उत्तर सापडले ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. तेथे नावाखाली लहान अक्षरांत एक शब्द छापलेला असतो: 'कादंबरी'. तो शब्द म्हणजे वाचकाशी केलेला करार आहे. 'आत जे आहे ते मी रचलेले आहे. हे ठाऊक असूनही तुला यायचे असेल तर ये,' असे तो दारातच सांगतो. त्या एका शब्दामुळे आतले सारे खोटे प्रामाणिक होते. तोच मजकूर तो शब्द काढून, 'माझ्या शेजारणीची खरी हकीकत' म्हणून छापला तर एक अक्षरही न बदलता ती लबाडी होईल. तेव्हा खोटे सांगूनही माणसाला प्रामाणिक राहता येते, आणि खरे सांगूनही फसवता येते. प्रामाणिकपणा वाक्यात नसतो. वाक्य बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात जो समज असतो, त्यात तो असतो. मलम चांगले असेलही. पण ऐकणारी बाई 'मैत्रीण सांगते आहे' असे समजून ऐकते आणि बोलणारी 'गिऱ्हाईक आले' असे समजून बोलते, तेव्हा मलमाच्या गुणाने तो समज खरा होत नाही.

आमच्या गावात पूर्वी कासार घरोघर येई. वणीच्या सप्तशृंगी गडाच्या यात्रेत तर बांगड्यांच्या दुकानांची रांगच लागते. कासार बाईचा हात हातात घेऊन म्हणायचा, "वहिनी, हा मोरपंखी रंग तुमच्यासाठीच आलाय." तो सर्व वहिनींना हेच म्हणतो, हे सर्व वहिनींना माहीत असे, तरी त्याला कोणी लबाड म्हणत नसे. का? तर त्याच्या खांद्यावर बांगड्यांचा भार लटकलेला असे. तो भार हेच त्याचे मुखपृष्ठ होते. त्याच्या गोडव्यातून कौतुक किती आणि धंदा किती हे निवडून घेण्याची संधी गिऱ्हाइकाला होती. रीलवाल्या ताईकडे माझे मागणे एवढेच आहे: बांगड्या अवश्य विक, पण भार पदराखाली लपवू नकोस.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जगात निरपेक्ष असे काय आहे? वैद्य फी घेतो, वकील फी घेतो, मला शाळेतून पगार मिळतो. पैसे घेतले म्हणजे शब्द नासला, असे म्हणू लागलो तर सगळेच शब्द नासतील. खरे आहे, पण पैसे कशाचे घेतले हे पाहिले पाहिजे. मला पगार मिळतो तो मुलांचे पेपर तपासण्यासाठी. पास करण्यासाठी नव्हे. मुलगा पास झाला काय, नापास झाला काय, माझ्या पगारात फरक पडत नाही, म्हणूनच माझ्या गुणपत्रिकेला किंमत आहे. उद्या शाळेने ठरवले की, जितकी मुले पास तितका पगार, तर माझ्या हातची गुणपत्रिका कोणता शहाणा पालक खरी मानील? वैद्याने फी घ्यावी. पण विशिष्ट औषध लिहून दिल्याबद्दल औषधवाल्याकडून दलाली घेऊ लागला की त्याच्या चिठ्ठीचा कागद होतो. तेव्हा दोष पैशात नाही. 'चांगले' म्हटले तरच पैसे आणि 'वाईट' म्हटले तर शून्य, या अटीत तो आहे. अशा अटीवर दिलेले मत हे मतच नव्हे. ती पावती आहे.

आणि लेखकमंडळींनीही हसू नये. मित्राचे पुस्तक न वाचता त्यावर स्तुतीचे चार शब्द लिहून देणारा साहित्यिक याच पंक्तीत, ताईच्या शेजारी, मांडी घालून बसलेला आहे. तिला निदान घरचे हप्ते फेडायचे असतात.

आपल्या कायद्याने हा प्रश्न ओळखला आहे, ही समाधानाची गोष्ट. जाहिरातदारांच्या स्वतःच्या मानक परिषदेने २०२१ साली नियम केले की, पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेल्या चित्रफितीवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे. पुढे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणाऱ्याचे मत खरोखरीचे असावे आणि त्याला त्या वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा, असे त्यांत म्हटले आहे. फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर वर्षभराची, आणि पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. जुलै २०२२ पासून तर, वर्षात वीस हजारांहून अधिक किमतीच्या वस्तू ताईने ठेवून घेतल्या तर त्यावरही दहा टक्के कर कापण्याची तरतूद आली. सरकारच्या आयकर खात्याला जे खोके उत्पन्न वाटते, ते आम्हा पाहणाऱ्यांना मात्र बहिणीने दाखवलेली भाऊबीज वाटत राहावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

परंतु कायदा अक्षर पाळायला लावतो, समज पाळायला लावू शकत नाही. सगळे बोलणे अस्सल मराठीत आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एक इंग्रजी शब्द, तोही दोन क्षणांपुरता. अशा चित्रफिती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कायद्याचे समाधान झाले असेल. पण आमच्या वाडीवरच्या ज्या आजीने नातीचे ऐकून ते मलम मागवले, तिला तो शब्द दिसलाही नाही, आणि दिसता तरी वाचता आला नसता. जे सांगायचे ते आजीला समजेल अशा भाषेत सांगितले नाही, तर ते सांगितलेच नाही, असे माझ्यासारख्या मास्तरणीला वाटते.

कोणी म्हणेल, एका मलमाने असे काय मोठे बिघडते? चार बायका फसल्या तर फसल्या. याचे उत्तर आमच्या तालुक्याला आपल्या द्राक्षांवरून ठाऊक आहे. द्राक्षाला नटवण्याची कला दिंडोरीइतकी क्वचित कोठे कोणाला येत असेल. मणी लांबट आणि टपोरा व्हावा म्हणून घड जीएच्या द्रावणात बुडवतात; मण्यावर गुलाबी झाक येऊ नये, ऊन लागू नये म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. त्यात गैर काही नाही. घड नटवणे आणि नवरी नटवणे सारखेच. परंतु २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक सापडला, आणि माल नाकारला गेला. घड दिसायला देखणेच होते. तोपर्यंत आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हते. फटका बसला तो ज्याने फवारले होते त्याला बसला, आणि ज्याने काटेकोरपणे बाग सांभाळली होती त्यालाही बसला. युरोपातला गिऱ्हाईक बागाईतदाराला नावाने ओळखत नव्हता. तो 'भारतातली द्राक्षे' एवढेच ओळखत होता.

विश्वास हा असा गावच्या पाणवठ्यासारखा असतो. एकाने त्यात घाण केली तर त्याच्या घरापुरतेच पाणी नासत नाही. आज आमच्या भागातून निर्यात होणाऱ्या पेटीचा माग थेट नोंदवलेल्या बागेपर्यंत काढता येतो. कोठली बाग, कोणता मालक, तपासणीत काय निघाले, सारे सांगावे लागते. हा जाच आहे असे प्रथम पुष्कळांना वाटले. पण त्या उघडेपणावरच द्राक्षांचा शब्द आज परदेशात चालतो. खोक्यातल्या फळाच्या बाबतीत जे आपण शिकलो, ते तोंडातल्या शब्दाच्या बाबतीत शिकायला काय हरकत आहे? आज दहा ताया लपवून विकतात, म्हणून अकराव्या ताईने प्रेमाने आणि फुकट सांगितलेला घरगुती लेपही लोक संशयाने पाहू लागले आहेत. हे नुकसान कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

मुंबईत 'मायग्लॅम' नावाने सुरू झालेल्या आणि पुढे 'गुड ग्लॅम' या नावाने वाढलेल्या एका उद्योगसमूहाची गोष्ट या संदर्भात आठवते. आधी लोकांना वाचायला-पाहायला मजकूर द्यायचा आणि मग त्याच लोकांना प्रसाधने विकायची, हे त्याचे उघड तत्त्व होते. त्यासाठी त्याने २०२० साली 'पॉपक्सो' हे मुलींच्या आवडीचे, त्यांच्या गप्पांचे संकेतस्थळ विकत घेतले, आणि पुढे आणखीही कितीतरी. कर्ज आणि खरेद्या यांच्या ओझ्याखाली तो समूह २०२५ साली मोडला आणि त्याची नावे एकेक करून निकालात निघाली. व्यापारातल्या चढउतारांतून नीतिपाठ काढण्याची घाई मी करणार नाही. नीतिमान दुकानेही बुडतात. पण एक विचार मनात येतो. गप्पांचा कट्टा विकत घेता येतो. तेथे बसून बोललेल्या मुलींनी एकमेकींवर ठेवलेला विश्वास खरेदीखतात कोणत्या कलमाखाली लिहायचा?

तो लिहिता येत नाही, कारण तो ठेव आहे. पतसंस्थेत आपण पैसे ठेवतो तेव्हा ते संस्थेच्या हातात असतात, संस्थेच्या मालकीचे होत नाहीत. हा फरक विसरल्यावर काय होते, हे आपल्या मुलुखात कोणाला समजावून सांगायला नको. लोक ताईचे ऐकतात ही तिची कमाई खरीच. पण ती ठेवीसारखी कमाई आहे. तिच्यावर जगावे, उधळू नये.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले नाही. हप्ते थकलेल्या घरातल्या मुलीला प्रवचन देणे सोपे असते आणि त्याचा खर्च नेहमी तिलाच करावा लागतो. मी तिला मुखपृष्ठावरच्या शब्दाबद्दल तेवढे सांगितले. तिने मध्यस्थाला कळवले की, चार दिवस झालेत तर चारच म्हणेन, आणि पैसे मिळालेत हेही सांगेन. त्याने वाद घातला नाही. तासाभरात ते काम दुसऱ्या एका मुलीकडे गेले. हप्ते थोरल्या भावाने नाशिकला जादा पाळी करून भरले. सचोटीचे बक्षीस म्हणून तिला पुढे मोठे काम मिळाले, असे मी कादंबरीत लिहिले असते; येथे मुखपृष्ठावर तो शब्द नाही, म्हणून लिहीत नाही.

मात्र त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. सचोटीचा सारा भार खेड्यातल्या एका मुलीच्या खांद्यावर टाकून आपण पाहणाऱ्यांनी मोकळे होणे बरोबर नाही. पैसे देणाऱ्याने 'सांगू नकोस' म्हणायचे, पाहणाऱ्यांनी 'जाहिरात आहे' असा शब्द दिसताच पुढे सरकायचे, आणि मधल्या मुलीने तेवढे हरिश्चंद्र व्हायचे, हा कोठला न्याय? जी ताई सरळ सांगते की 'याचे मला पैसे मिळालेत', तिचे आपण अधिक लक्ष देऊन ऐकले पाहिजे, कमी नव्हे. उघड भार घेऊन येणाऱ्या कासाराच्या तोंडावर दार लावले, तर उद्या तो पाहुणा म्हणून घरात शिरेल आणि तो दोष आपला असेल.

घरातल्या मोठ्यांनाही माझे एक सांगणे आहे. दिवाळीत लेकी-सुना मोबाइल पुढ्यात घेऊन बसल्या की त्यांच्यावर डाफरू नका, शेजारी बसा. त्या जे पाहतात ते पाहा. आणि कधीतरी सहज विचारा, "या ताईने एखाद्या वस्तूला 'घेऊ नका' म्हटल्याचं तुला आठवतं का ग?"

या प्रश्नाइतकी सोपी कसोटी मला दुसरी सापडलेली नाही. आपली खरी मैत्रीण दुकानात आपल्याबरोबर येते, तेव्हा तिचा उपयोग काय असतो? दहा साड्या उलगडल्यावर ती हळूच कोपराने ढोसते आणि म्हणते, "चल, यात काही नाही." त्या एका 'चल'मुळे तिच्या 'घे'ला अर्थ येतो. तिला तुमच्या खरेदीतून काही मिळायचे नसते, म्हणूनच ती तुम्हाला रिकाम्या हाताने घरी आणू शकते. जिला 'नको' म्हणण्याची मुभाच नाही, तिच्या 'घे'ला आपण मैत्रिणीचा शब्द म्हणू नये. दुकानाची पाटी म्हणावे, आणि पाटीइतकाच मान द्यावा. तो मानही काही थोडा नाही. पाटी वाचूनच आपण दुकानात जातो. फक्त घरी परत येताना आपल्याबरोबर चालणारी ती नसते, एवढे लक्षात असले म्हणजे पुरे.